दावणीचं शहाणपण, साखळीचं दुखणं

1941 साली फोर्डाइस एली आणि विल्यम पीटरसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध 'जर्नल ऑफ डेअरी सायन्स'मध्ये छापून आला. गाय घाबरली की दूध का देत नाही, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी गायीला मुद्दाम घाबरवलं. तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दोन मिनिटं, दर दहा सेकंदांना, एकेक कागदी पिशवी फुगवून फोडली. गायीनं पान्हा चोरला. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मांजराची गरजच नाही, पिशव्यांचा आवाज पुरतो. मांजराची सुटका झाली, गायीची नाही.

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत हा प्रयोग दर दिवाळीला होतो. पिशव्यांच्या जागी सुतळी बॉम्ब असतात, एवढाच फरक. वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासराच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, निरांजन ओवाळतात. दोन-तीन दिवसांनी लक्ष्मीपूजन उरकलं की त्याच अंगणात पोरं लड लावतात आणि तीच गाय दावं तोडायला बघते. सकाळी दुधाचं माप कमी भरतं. घरातली म्हातारी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकते आणि दृष्ट काढल्याचं समाधान मानते.

दृष्ट नाही, पण लागलेलं काहीतरी आहे खरं. वासरानं कासेला ढुसणी दिली किंवा धार काढणाऱ्यानं कास धुतली, की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात दूध सडांत उतरतं. त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात गाय दचकली तर अ‍ॅड्रिनलिन मध्ये येतं आणि पान्हा अडवतं. दूध कासेतच असतं, गाय ते सोडू शकत नाही. अशा वेळी काही ठिकाणी इंजेक्शनची बाटली बाहेर निघते. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं काही टोचणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 12 व्या कलमानं गुन्हा आहे. त्यापेक्षा दहा मिनिटं थांबणं, तिच्याशी बोलणं, वासरू पुढ्यात बांधणं हे उपाय जुने आहेत आणि फुकटही.

टेंभुर्णी म्हटलं की पुष्कळांना पुणे-सोलापूर महामार्गावरचं, माढा तालुक्यातलं गाव आठवतं. ही टेंभुर्णी ती नव्हे. ही जाफराबाद तालुक्यातली, पूर्णेच्या खोऱ्यातली, विदर्भाच्या शिवेजवळची. बोली मराठवाड्याची, पण वऱ्हाडी वारा लागलेली. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येऊन पडलेलं असतं, कापूस शेतात पांढरा झालेला असतो आणि वेचायला माणूस मिळत नसतो. शहरात 'पाळीव प्राणी' म्हणून जे वेगळं काढतात, ते इथे वेगळं निघत नाही. गाय गोठ्यात, बैल दावणीला, मांजर कणगीमागे, कुत्रं दिवसा दारात आणि रात्री शेतावर. अलीकडे पक्क्या घरांतून एखादं पोमेरियन किंवा लॅब्राडोरही दिसतं. तेही उंबऱ्यापाशी साखळीलाच.

या गावांत फिरताना एक विसंगती मला पुन्हा पुन्हा खटकते. बैल बिथरला तर त्याचं कारण शोधायची इथे रीत आहे. कुत्रं बिथरलं तर दगड शोधतात.

गोऱ्हा औताला कसा लावतात ते आठवून पाहा. कोणीही पहिल्याच दिवशी त्याच्या मानेवर जू टाकून नांगर ओढायला लावत नाही. आधी वेसणीची सवय, मग अंगावर दोर फिरवायचा, पाठीवर थोपटायचं. मग जाणत्या बैलाच्या जोडीला नुसतं चालवायचं. मग मागे एखादा ओंडका, मग रिकामी गाडी, मग वखर, आणि तेही थोडाच वेळ. बुजला तर दोन दिवस मागे यायचं. संध्याकाळी पेंडीचा गोळा. थोराड, शांत बैल शेजारी असला की नवखा गोऱ्हाही धीर धरतो, हे प्रत्येक औतकऱ्याला ठाऊक असतं. या रीतीला मी सोनं लावत नाही. पुराणीची टोचणी आणि शेपटीचा पीळही याच शेतात चालतो, आणि मारून शिकवलेला बैल जन्मभर माणसाचा हात उचलला की डोळे मिटतो. पण उत्तम औतकरी कोण, हे गावाला कळतं. ज्याला चाबूक क्वचित लागतो, तो.

बैल जुवाखाली मान द्यायला तयार नसला तर असा औतकरी आधी खांदा चाचपतो. खांदेसूज असेल. सतत मान झटकत असेल, एका बाजूला डोकं कलतं ठेवत असेल, तर शिंगाच्या मुळाशी दुखणं असेल. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग नवा नाही. गाय उठता-बसता कण्हत असेल तर चाऱ्यातून तार किंवा खिळा पोटात गेला असेल. वागणं बदललं की आधी शरीर पाहायचं, हा नियम जगभरच्या प्राणिवर्तनाच्या डॉक्टरांचा पहिला नियम आहे. दावणीपुरता तो टेंभुर्णीतही पाळतात. दारातल्या कुत्र्याला मात्र तो कोणी लावत नाही. कानात गोचिडी भरलेल्या कुत्र्याच्या डोक्याला हात लावला आणि ते गुरगुरलं, की निदान ठरलेलं असतं: "लई माजलंय."

कुत्र्याच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दिवाळीचा सगळा प्रश्न तिथे आहे. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गायीला 35,000 पर्यंत, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत, मांजराला तर त्याहून वर. आपल्याला जो नुसता 'धडाम' वाटतो, त्यातलं पुष्कळ काही आपल्या कानांपर्यंत येतच नाही, त्यांच्यापर्यंत येतं. शिवाय आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, आपल्याकडून काय चूक झाली, यातलं काहीच त्या जनावराला कळायला मार्ग नसतो. फटाक्याच्या आवाजाला कायद्यानं मर्यादा आहे: फुटल्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल. वाड्याच्या दोन भिंतींमधल्या बोळात ती कोण मोजणार?

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे 13,700 पाळीव कुत्र्यांची मालकांकडून गोळा केलेली माहिती 2020 मध्ये प्रसिद्ध केली. दर शंभरातल्या बत्तीस कुत्र्यांना आवाजाची भीती होती. भीतीच्या सगळ्या प्रकारांत ही सर्वांत जास्त आढळली. फिनलंड म्हणजे शांत देश, लाडावलेली कुत्री, दारात डॉक्टर. तिथे ही गत. आपल्या शिवारात तर आवाज दिवाळीपुरता नसतो. रानडुकरं आणि रोही हाकलायला सुतळी बॉम्ब लावतात, पाईपची कार्बाइड गन फोडतात, माकडांवरही तीच. (या गननं 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे शंभरावर मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, तरी ती विकली जाते.) म्हणजे ज्या कुत्र्यानं रात्री शेत राखायचं, त्याच्याच कानाशी मालक बार काढतो. मग ते कुत्रं संध्याकाळी शेताची वाट धरायचं सोडून बाजेखाली शिरतं. मालक म्हणतो, "खाऊन खाऊन आळशी झालं." ते आळशी झालेलं नाही. त्यानं हिशेब केलाय: अंधार, शेत आणि स्फोट हे तिन्ही एकत्र येतात.

जनावराच्या वागण्याला माणसाचा हेतू चिकटवायची आपल्याला फार घाई असते. मराठवाड्यानंच त्याचा जगभर गाजलेला नमुना दिला आहे. डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, लवूळ गावी, वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि गच्च्यांवर नेत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड आहे, अशी गोष्ट झाली. अडीचशे पिल्लं मेल्याचा गावात सांगितला जाणारा आकडा परदेशी वर्तमानपत्रांत गेला. वन खात्यानं दोन वानरं पकडून नेली. वन्यजीवांच्या अभ्यासकांचं म्हणणं साधं होतं: वानरं पिल्लांना कुरवाळत, अंगावरच्या उवा-पिसवा वेचत, उंचावर आईचं दूध न मिळाल्यानं किंवा खाली पडून पिल्लं मरत. सूड वगैरे काही नाही. पण सुडाची गोष्ट सांगायला सोपी. 'माजलंय', 'सूड घेतोय', 'नखरे करतंय', 'मुद्दाम घरात घाण करतं' ही सगळी त्याच जातीची निदानं आहेत.

भीती अंगात कशी मुरते, याचा माझ्या दृष्टीनं सर्वांत बोलका दाखला घंटा आणि लाळेच्या प्रयोगासाठी प्रसिद्ध असलेल्या इव्हान पावलोव्हच्या प्रयोगशाळेतला आहे. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोठड्यांत पाणी चढलं. कोठड्यांची दारं खाली, पाण्याच्या पातळीला; कुत्र्यांना वाचवायचं तर डोकं पाण्याखाली दाबून बाहेर ओढावं लागलं. कुत्री वाचली. पण त्यांतल्या काहींचं महिनोन् महिने शिकवलेलं सगळं पुसून गेलं होतं. पुढे एकदा मुद्दाम दाराच्या फटीतून थोडंसं पाणी खोलीत सोडलं, तर कुत्रं पुन्हा तसंच सैरभैर झालं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं दावणीच्या दावणी वाहून नेल्या. त्यातून वाचलेली जनावरं आज ढग गडगडला की खुंटा उपटतात, यात नवल कसलं? पंचनाम्यात मेलेल्या जनावरांचे रकाने असतात. घाबरून राहिलेल्या जनावरांचा रकाना नसतो.

त्याच 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उलटी वाटही दाखवली. पीटर नावाचा तीन वर्षांचाही नसलेला मुलगा सशाला भयंकर भ्यायचा. पीटर खात असताना ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मुलगा खाण्यात रमला की थोडा जवळ. बावरला की मागे. शेवटी पीटर एका हातानं सशाला कुरवाळू लागला. भीतीच्या वस्तूची मात्रा अगदी बारीक ठेवायची, तिच्यासोबत काहीतरी सुखाचं द्यायचं आणि हळूहळू मात्रा वाढवायची. आजचे प्राणिवर्तनाचे डॉक्टर कुत्र्याला हेच करायला सांगतात. गोऱ्ह्याच्या मागे आधी ओंडका आणि मग औत लावणाऱ्यानं जोन्सबाईंचं नाव ऐकलेलं नसतं, पण तो वेगळं काही करत नाही.

कुत्र्यासाठी त्याचं रूप असं. दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे पोळा झाला की, मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हलका लावायचा, इतका हलका की कुत्र्याचे कान टवकारतील पण ते जेवण सोडणार नाही. आवाज सुरू झाला की भाकरीचा आवडता तुकडा, थांबला की तुकडाही बंद. चार-आठ दिवस काही घडलं नाही तर आवाज एक घर वर. जांभया द्यायला लागलं, ओठांवरून जीभ फिरवायला लागलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, शेपटी पोटाशी गेली, की समजायचं मात्रा जास्त झाली, आणि मागे यायचं. ही लक्षणं गुरगुरण्याच्या आधीची असतात. ती वाचता आली तर चावे निम्म्यानं टळतील, असं मला वाटतं. आकडा माझ्या अंदाजाचा, तो कोणी पुढे सांगू नये.

याच्या बरोबर उलट एक रीत गावात आणि शहरातही आहे: "धीट होऊ दे" म्हणून कुत्र्याला पट्ट्यानं धरून फटाक्यांपाशी न्यायचं. त्यानं धीटपणा येत नाही. आपला माणूसच आपल्याला तिथे ओढून नेतो, एवढं मात्र कुत्र्याच्या पक्कं ध्यानात राहतं.

आणि एक गैरसमज मोडायलाच हवा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीचे लाड होतात, असं शिकली-सवरली माणसंही सांगतात. भीती हा काही शिकवलेला खेळ नाही की शाबासकी दिली म्हणून वाढावा. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या श्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांच्या बाराशेवर मालकांना काय केल्यानं फरक पडला ते विचारलं. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी फायदा झाल्याचं सांगितलं. आपल्याकडे कोलकात्याच्या 'आयसर'मध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम करतोय. त्यांच्या 2017 च्या निबंधात आढळलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला भटक्या कुत्र्याला खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडतो. ज्या कुत्र्यांना आपण दिवसभर 'हाड' म्हणतो, त्यांच्याबद्दलचं हे निरीक्षण आहे.

साखळीचा विषय मी शेवटाकडे ठेवला, कारण त्यावर वाद होतो. राखणीचं कुत्रं 'कडक' व्हावं म्हणून पिल्लाला डोळे उघडताच आईपासून तोडतात आणि तीन-चार हातांच्या साखळीला बांधतात. पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात. माणसं, गुरं, मोटारसायकल, पोरांचा गोंगाट हे सगळं 'आपलंच' म्हणून ओळखायचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या ग्रंथात ते मांडून ठेवलं आहे. ही खिडकी साखळीवर गेली की कुत्रं राखणदार होत नाही, भित्रं होतं. आणि ज्याला पळता येत नाही, असं भित्रं कुत्रं चावतंच. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं. मग चोर कोण आणि पाहुणा कोण, हे ते आपण शिकवू त्यापेक्षा चांगलं शिकतं.

दिवाळी सरली की मराठवाड्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. दाराला कुलूप, पोरं-भांडी ट्रॅक्टरवर, आणि कुत्रं कधी ट्रॅक्टरमागे धावत जातं, कधी ओट्यावर राहतं. राहिलेलं कुत्रं दार ओरबाडतं, रात्री रडतं आणि गाव त्याला अपशकुनी ठरवून हाकलतं. शहरात हेच फ्लॅटमध्ये होतं. तिथे त्याला विरहाची चिंता म्हणतात आणि औषधही मिळतं. क्लोमिप्रामिनला अमेरिकेत 1998 मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला 2007 मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता मिळाली, आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडिनच्या जेलला 2015 मध्ये. ओट्यावरच्या कुत्र्याला गोळी नको. शेजारच्या घरानं ठरलेल्या वेळी भाकरी टाकली आणि नावानं हाक मारली तरी पुष्कळ आहे.

औषधाबद्दल मात्र एक ताकीद. कुत्र्याला दारू पाजणं, घरातली झोपेची गोळी अर्धी करून देणं हे प्रकार चालतात. त्यानं शरीर लुळं पडतं, भीती आत तशीच राहते, आणि कधी जीवही जातो. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही विष ठरते. गोळी द्यायची तर डॉक्टरनं, जनावर पाहून. अडचण अशी की आपला सरकारी पशुवैद्य रेतन, लाळ्या-खुरकूत, लम्पी यांतच बुडालेला असतो. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासून आहे, उदगीरलाही आहे. पण दुधाच्या मापाला जसा विचारणारा असतो, तसा कुत्र्याच्या भीतीला नसतो. मागणी नाही म्हणून सेवा नाही, हे गणित मालकांनीच मोडायचं आहे.

आणखी एक गोष्ट भीतीच्या नावाखाली झाकू नये. आजवर शांत असलेलं कुत्रं एकाएकी बदललं, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, काहीही चावू लागलं किंवा अंधारात गप्प पडून राहिलं, तर तो रेबीज असू शकतो. तिथे लाड नाहीत आणि भाकरीचा तुकडाही नाही. लांब राहायचं, डॉक्टरला कळवायचं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. चुना, तिखट, मंत्र यांत वेळ गेला तर माणूस जातो.

आता या लक्ष्मीपूजनाचं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ घालून दिली. गावात पोलीस पाटलानं आणि ग्रामपंचायतीनं तेवढी पाळायला लावली तरी अर्धं काम होईल, कारण ठरलेल्या वेळेची तयारी करता येते. धारा सातच्या आत काढून घ्या. गोठ्याच्या उघड्या बाजूला ताडपत्री सोडा, पुढ्यात वैरण भरपूर टाका आणि वासरू गायीच्या नजरेसमोर बांधा. कुत्र्याला दिवसा हुंदडू द्या, अंधार पडायच्या आत जेवू घाला. मग साखळी सोडून आतल्या खोलीत घ्या, कारण घाबरलेलं कुत्रं साखळीवर गळफास लावून घेतं. गोणपाट अंथरा, खिडक्या लावा, टीव्ही किंवा भजन मोठ्यानं चालू ठेवा आणि घरातलं एक माणूस तिथे बसवा. म्हातारी चालेल, तिलाही फटाके आवडत नाहीत. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा, म्हणजे पळालंच तर परत मिळेल. शेजारच्या पोरांना लड गोठ्यापासून लांब, गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर लावायला सांगा. रागावून नको, सोबत जाऊन. जनावर बिघडलंच तर फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा टोल-फ्री नंबर 1962 आहे. तो आजच गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा.